दोन पिवळ्या अजगरांची तपकिरी पिल्लं

पांढरा नाग सापडल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून येतेच. गाव कुठलंही असो, मजकूर साधारण तोच असतो: सर्पमित्रानं नाग पकडला, बघायला गर्दी जमली, वनखात्याला कळवून त्याला निसर्गात सोडून दिलं. ‘दुर्मिळ’ हा शब्द बातमीत हमखास असतो. तो दुर्मिळ का, याचं उत्तर मात्र क्वचितच असतं.

आता दुसरं चित्र. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी इथं साप पाळणाऱ्यांचे मोठमोठे मेळे भरतात. टेबलांवर पारदर्शक डबे मांडलेले असतात आणि त्यांत लोणी-पिवळे, लालसर डोळ्यांचे अल्बिनो अजगर ओळीनं वेटोळं घालून बसलेले असतात. रानात शोधूनही मिळत नाही ती गोष्ट इथं डझनांनी दिसते. त्यातही एक गंमत आहे. कुणी हौसेनं एक अल्बिनो नर आणि दुसऱ्या दुकानातून तशीच दिसणारी मादी आणावी, दोन-तीन वर्षं त्यांना वाढवावं, अंडी मिळवावीत आणि अंड्यांतून निघालेली सगळीच्या सगळी पिल्लं साधी तपकिरी असावीत, असं घडू शकतं. विकणाऱ्यानं फसवलेलं नसतं. मादीनं दुसरा नर गाठलेला नसतो. हिशेब बरोबरच असतो, फक्त तो जोडी आणण्याआधी मांडलेला नसतो.

या हिशेबाबद्दलच हा लेख आहे. सापांच्या पैदाशीतलं रंगाचं गणित आठवीच्या मुलालाही जमेल इतकं सोपं आहे. अवघड आहे ते नक्की काय हवं आहे हे ठरवणं.

चेंडू होणारा अजगर

उदाहरणासाठी एकच साप घेऊ, बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत आणि आसपास आढळणारा हा बुटका अजगर आहे. मादी चार-पाच फूट लांब, नर त्याहून लहान. घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःभोवती घट्ट चेंडू करतो, म्हणून हे नाव. ब्रिटनमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात. बेनिनमधल्या विदा शहरात तर त्याचं देऊळ आहे आणि तिथं त्याला कुणी इजा करत नाही.

पाळणाऱ्यांना तो आवडतो, कारण तो सावकाश आहे, सहसा चावत नाही आणि कपाटाच्या खणाएवढ्या डब्यात मावतो. शिवाय त्याच्या रंगांत आणि नक्षीत अनंत प्रकार निघाले आहेत. अशा प्रत्येक प्रकाराला हौशी मंडळी ‘मॉर्फ’ म्हणतात. अल्बिनो बॉल पायथन बंदिवासात पहिल्यांदा जन्मले ते १९९२ मध्ये, अमेरिकेत. त्यानंतर जी लाट उसळली ती अजून ओसरलेली नाही.

अल्बिनो साप पांढराफटक का नसतो?

अल्बिनो उंदीर पांढरा असतो. मग अल्बिनो बॉल पायथन पिवळा कसा?

उंदराच्या, आपल्या किंवा कुठल्याही सस्तन प्राण्याच्या केसा-कातडीचा रंग जवळजवळ पूर्णपणे मेलॅनिन या एकाच जातीच्या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. ते गेलं की मागं काही उरत नाही. सापाच्या कातडीत मात्र रंगासाठी तीन प्रकारच्या पेशी असतात. एका प्रकारात काळं-तपकिरी मेलॅनिन असतं. दुसऱ्यात पिवळी आणि तांबडी द्रव्यं असतात. तिसऱ्यात रंगद्रव्यच नसतं, असतात ते अगदी बारीक स्फटिक. त्यांच्यावर पडलेला प्रकाश परततो आणि पांढुरकी, निळसर झाक किंवा चमक दिसते. अल्बिनो सापात फक्त मेलॅनिनचं काम बंद पडलेलं असतं. बाकीचे दोन प्रकार शाबूत असतात, म्हणून बॉल पायथन पिवळा दिसतो. अमेरिकेतला कॉर्न स्नेक मुळात तांबूस असल्यानं त्याचा अल्बिनो केशरी-लाल होतो.

या कॉर्न स्नेकपासूनच सापांच्या आनुवंशिकतेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एक अल्बिनो नर सापडला. त्याच्यावरून पुढं पिढ्या वाढवून अल्बिनोपणा पिढीत कसा उतरतो हे दाखवलं ते बर्नार्ड बेक्टेल यांनी, १९६२ च्या शोधनिबंधात. बेक्टेल व्यवसायानं त्वचारोगतज्ज्ञ होते. रोज माणसांची कातडी तपासणाऱ्याला सापाच्या कातडीचं कुतूहल वाटावं यात नवल नाही.

दोन कमावते, एक घर

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एका घरात दोन कमावते भाऊ आहेत असं समजा. मेलॅनिन तयार करणारं जनुक म्हणजे हे दोघे. एक भाऊ घरी बसला तरी दुसऱ्याच्या कमाईवर चूल पेटते आणि बाहेरून पाहणाऱ्याला घरात काही कमी आहे असं वाटत नाही. दोघंही घरी बसले तरच चूल विझते. अल्बिनोपणा असा असतो. एक प्रत बिघडलेली असली तरी साप साधाच दिसतो, दोन्ही बिघडल्या की अल्बिनो होतो. अशा गुणाला अप्रभावी म्हणतात. एक बिघडलेली प्रत गुपचूप बाळगणाऱ्या, दिसायला साध्या सापाला हौशी लोकांच्या भाषेत ‘हेट’ म्हणतात. हा शब्द पुढं बराच लागणार आहे.

पांढऱ्या नागाच्या दुर्मिळपणाचं कारण इथंच सापडतं. समजा, रानातल्या शंभर नागांत एक हेट आहे. दोन हेटांचीच गाठ पडण्याची शक्यता दहा हजारांत एक. गाठ पडली तरी प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत मिळण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे चाळीस हजार पिल्लांमागं एखादं अल्बिनो. आणि ते उघड्या माळावर घारीच्या नजरेतून सुटून मोठं व्हायला हवं.

काही जनुकांत मात्र एका भावाच्या कमाईवर घर चालतं खरं, पण ओढाताण दिसते. ‘पास्टेल’ बॉल पायथनचं तसंच आहे. एक प्रत बदललेली असली की पिवळा रंग उजळतो आणि दोन्ही बदललेल्या असल्या की आणखी उजळतो. दुसऱ्या प्रकाराला ‘सुपर पास्टेल’ म्हणतात. ‘मोहावी’ची गोष्ट अजून मजेदार आहे. एका प्रतीनं नक्षी थोडी वेगळी होते, पण दोन प्रती एकत्र आल्या की जवळजवळ पूर्ण पांढरा, निळ्या डोळ्यांचा साप जन्मतो. एका प्रतीकडे पाहून दोन प्रतींचा अंदाज कुणालाही आला नसता.

तिसऱ्या तऱ्हेत एक भाऊ नुसता घरी बसत नाही, तर दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करतो. एकच बदललेली प्रत पूर्ण परिणाम दाखवते. हा प्रभावी गुण. ‘स्पायडर’ नावाचा मॉर्फ या जातीचा आहे आणि त्याच्याकडे आपल्याला परत यायचंच आहे.

मग ती पिल्लं तपकिरी कशी?

मेलॅनिन एका जनुकाचं काम नाही. ते तयार होऊन जागेवर पोचायला बऱ्याच जनुकांची साखळी लागते आणि साखळी कुठंही तुटली तरी वरून दिसणारा परिणाम सारखाच असतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी बॉल पायथनच्या तीन मॉर्फची मुळं शोधून काढली. त्यांना नेहमीच्या अल्बिनोचा बिघाड टायरोसिनेज या जनुकात आढळला, ‘लॅव्हेंडर अल्बिनो’चा ओसीए-२ मध्ये आणि ‘अल्ट्रामेल’चा तिसऱ्याच एका जनुकात. आपल्या कोड्यातला नर साधा अल्बिनो होता आणि मादी लॅव्हेंडर. नराचं ओसीए-२ धडधाकट, मादीचं टायरोसिनेज धडधाकट. प्रत्येक पिल्लाला दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळाली आणि सगळी तपकिरी झाली.

उलट ‘कँडी’ नावाचा मॉर्फ दिसायला वेगळा असूनही अल्बिनोच्याच जनुकातला निराळा बिघाड आहे. अल्बिनो आणि कँडी यांची जोडी लावली तर एकही पिल्लू तपकिरी होत नाही. दिसणं आणि असणं यांतला हा फरक ज्याला कळला नाही, त्याचं पैदाशीचं नियोजन सुरू होण्याआधीच फसतं.

मिशिगनच्या त्या संशोधनातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचा कच्चा माल. संशोधकांनी पाळणाऱ्यांना आणि पैदासकारांना आवाहन करून सापांनी टाकलेली कात मागवली. कातीत पेशींचे अवशेष असतात आणि त्यांतून डीएनए मिळतो. सुई नाही, रक्त नाही, सापाला हातही लावायला नको. एरवी केराच्या टोपलीत जाणारी वस्तू पाकिटात घालून टपालानं पाठवायची, एवढंच काम. जाता जाता, ओसीए-२ हे जनुक कॉर्न स्नेकच्या अल्बिनोपणामागंही आहे, आणि माणसाचे डोळे निळे की तपकिरी हे ठरण्यात त्याच भागाचा मोठा वाटा असतो.

‘काय हवं?’ याचं उत्तर एका शब्दात नसतं

आता नियोजन. समजा, तुम्हाला एकाच सापात अल्बिनो आणि ‘पायबाल्ड’ हे दोन्ही गुण हवेत. पायबाल्ड म्हणजे अंगावर पांढऱ्याशुभ्र मोठ्या पट्ट्या आणि मधेमधे रंगीत तुकडे. हाही गुण अप्रभावीच. अल्बिनो नर आणि पायबाल्ड मादी आणली तर पहिल्या पिढीत काय मिळेल? एकजात साधी दिसणारी पिल्लं. सगळी दोन्ही गुणांची हेट. पैसे खर्च झाले, दोन-तीन वर्षं गेली आणि हातात आलं ते बाजारात सर्वात स्वस्त दिसणारं पिल्लू. नवखे इथंच कंटाळतात.

ती पिल्लं वाढवायची. नर वर्ष-दीड वर्षात तयार होतो. मादी दीड किलोच्या आसपास भरेपर्यंत थांबणं शहाणपणाचं असतं आणि त्याला साधारण तीन वर्षं लागतात. मग दुहेरी हेट नर आणि दुहेरी हेट मादी यांची जोडी लावली, तर दोन्ही गुण घेऊन जन्मणाऱ्या पिल्लाची शक्यता सोळांत एक. बॉल पायथन एका खेपेला सरासरी सहाच्या आसपास अंडी देतो. कोंबडीसारखं वर्षभर नाही, तर वर्षातून एकदाच, आणि काही माद्या तर एखादं वर्ष सोडूनच देतात.

सोळांत एक म्हणजे सोळा अंडी झाली की एक नक्की मिळणार, अशी अनेकांची समजूत असते. ती चुकीची आहे. सोळा अंड्यांतही एकसुद्धा तसं पिल्लू न निघण्याची शक्यता शेकडा ३६ उरते. प्रत्येक अंड्याचा फासा नव्यानं पडतो, आधीच्या अंड्यांत काय झालं हे त्याला ठाऊक नसतं.

> चौकट: सहा अंड्यांतून निदान एक हवं तसं पिल्लू निघण्याची शक्यता
>
> अल्बिनो × अल्बिनो (जनुक तेच): सगळी पिल्लं अल्बिनो
>
> अल्बिनो × अल्बिनोचा हेट (प्रत्येक पिल्लाला दोनांत एक): शेकडा ९८
>
> हेट × हेट (चारांत एक): शेकडा ८२
>
> दुहेरी हेट × एक गुण दिसणारा आणि दुसऱ्याचा हेट (आठांत एक): शेकडा ५५
>
> दुहेरी हेट × दुहेरी हेट (सोळांत एक): शेकडा ३२

चौकटीतली चौथी ओळ पुन्हा वाचा. दोन्ही बाजूंनी दुहेरी हेट वापरण्याऐवजी पायबाल्ड दिसणारी आणि अल्बिनोची हेट असलेली मादी मिळाली, तर प्रत्येक अंड्यामागची शक्यता दुप्पट होते. ती मादी महाग पडेल. पण तीन वर्षांचं खाद्य, वीज, जागा आणि एक वाया गेलेला हंगाम हे सगळं किमतीत धरलं, तर महाग काय आणि स्वस्त काय याचं उत्तर बदलतं. अनुभवी पैदासकार म्हणूनच आधी शेवटचं पिल्लू डोळ्यांपुढं आणतात आणि तिथून उलटं, एकेक पिढी मागं येत आजची खरेदी ठरवतात.

सगळेच गुण असे फाशावर बसत नाहीत, हेही सांगायला हवं. अंगाचा आकार, नक्षीतला बारकावा, रंग वयाबरोबर टिकतो की मळतो, हे एकेका जनुकाचे खेळ नव्हेत. अनेक जनुकं आणि संगोपन मिळून ते ठरतं. तिथं पिढ्यान्‌पिढ्या चांगलं निवडत राहणं एवढाच उपाय. बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी बसण्याबद्दल बदनाम आहे. माझ्या मते एखाद्या पैदासकारानं नवा रंग काढण्याऐवजी नियमित खाणाऱ्या, धष्टपुष्ट आई-बापांचीच पिल्लं वाढवायची असं उद्दिष्ट ठेवलं, तर ते कुठल्याही मॉर्फइतकंच मोठं आहे. फक्त त्याला खपाऊ नाव मिळत नाही.

‘६६ टक्के हेट’ म्हणजे काय?

विक्रीच्या यादीत ‘६६ टक्के हेट अल्बिनो’ असं लिहिलेलं दिसतं. साप ६६ टक्के हेट कसा असेल? हेट असेल किंवा नसेल.

ती टक्केवारी सापाची नाही, आपल्या माहितीची आहे. हेट आणि हेट यांच्या पिल्लांत चारांमागं एक अल्बिनो, दोन हेट आणि एक पूर्ण साधं असा सरासरी हिशेब असतो. अल्बिनो दिसतंच, ते बाजूला काढलं. उरलेली तीन दिसायला सारखी, त्यांतली दोन हेट. म्हणून त्यांतलं कुठलंही एक उचललं तर ते हेट असण्याची शक्यता तीनांत दोन, म्हणजे ६६ टक्के. आई-बापांपैकी एकच हेट असेल तर तीच शक्यता ५० टक्क्यांवर येते.

खरं काय ते कळायला पूर्वी एकच मार्ग होता, अल्बिनोशी जोडी लावून पाहणं. एक जरी अल्बिनो पिल्लू निघालं तरी प्रश्न सुटला. सहाही साधी निघाली तर? तो साप खरंच हेट असता तर असं होण्याची शक्यता चौसष्टांत एक आहे. म्हणजे संशय जवळजवळ फिटला, पण पुरता नाही. आता कातीवरून डीएनए तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि काही मॉर्फपुरतं तरी हे उत्तर काही दिवसांत मिळतं. तीन वर्षं थांबण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

जोडीच्या हिशेबात अजून एक भानगड येते. मादी साप नराचे शुक्राणू शरीरात महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते. यंदाच्या पिल्लांचा बाप गेल्या हंगामातला नर असू शकतो. आणि क्वचित बापाची गरजच पडत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात एका वयस्कर बॉल पायथन मादीनं २०२० मध्ये सात अंडी घातली. तिचं वय साठीच्या पुढं असल्याचा अंदाज होता आणि कित्येक वर्षांत ती नराच्या आसपासही नव्हती. त्यामुळं कोणती जोडी कधी एकत्र ठेवली याची वही नसेल, तर वरचं सगळं गणित हवेत राहतं.

वह्यांनी पाठ्यपुस्तक बदललं

वहीचा विषय निघालाच आहे, तर पैदासकारांनी विज्ञानाला दिलेली एक भेट सांगतो. ‘बनाना’ नावाचा पिवळसर-जांभळट मॉर्फ आहे. तो वाढवणाऱ्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट येऊ लागली. काही बनाना नरांच्या बनाना पिल्लांत जवळजवळ सगळे नर निघत, तर काही नरांच्या बनाना पिल्लांत जवळजवळ सगळ्या माद्या. नराला तो गुण बापाकडून आला असेल तर पहिला प्रकार, आईकडून आला असेल तर दुसरा. मंडळींनी त्यांना ‘नर-मेकर’ आणि ‘मादी-मेकर’ अशा अर्थाची नावं देऊन टाकली.

त्या वेळी सगळी पुस्तकं सांगत होती की सापांत लिंग ठरतं ते पक्ष्यांसारखं. माद्यांत दोन वेगळी गुणसूत्रं आणि नरांत दोन सारखी. हे खरं असेल तर नर आपल्या मुलांना आणि मुलींना या बाबतीत सारखंच देणार, मग बनानाची ही तऱ्हा जमूच शकत नाही. पण माणसासारखी व्यवस्था असेल, म्हणजे मादी एक्स-एक्स आणि नर एक्स-वाय, तर कोडं सहज सुटतं. आईकडून आलेला बनाना नराच्या एक्सवर बसलेला असतो आणि एक्स तो फक्त मुलींना देतो. बापाकडून आलेला वायवर असतो, तो फक्त मुलग्यांना जातो. अधूनमधून दिसणारे अपवाद एक्स आणि वाय यांच्यात तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळं पडतात.

२०१७ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानं बोआ जातीच्या एका सापात आणि बॉल पायथनच्या नात्यातल्या बर्मी अजगरात खरोखरच एक्स-वाय पद्धत असल्याचं दाखवून दिलं. कॉर्न स्नेक आणि नाग यांच्यासारख्या सापांत जुनी, पक्ष्यांसारखी पद्धतच आहे. सगळ्या सापांना एकाच माळेत ओवणारी पन्नास वर्षांची समजूत अजगर आणि बोआंपुरती मोडली, आणि तिच्याबद्दल शंका निर्माण करण्यात डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचा आणि वह्यांतल्या नोंदींचाही वाटा होता.

रंगाबरोबर काय येतं?

आता स्पायडर. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा, खाली सोनेरी रंग. दिसायला देखणा. १९९९ च्या सुमारास त्याची पैदास सुरू झाली. गुण प्रभावी असल्यानं एका सापावरून पहिल्याच पिढीत निम्मी पिल्लं स्पायडर मिळायची. दुसऱ्या मॉर्फशी जोडी लावली की नवनवे प्रकार, सगळे खपणारे.

पण या सापांचं डोकं डुलतं. काहींचं किंचित थरथरतं, काहींचा भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, काही मान पिळून उताणे होतात आणि सरळ होणं त्यांना जमत नाही. त्रास कमी-जास्त असतो, पण स्पायडर जनुक असूनही त्यातून पूर्ण सुटलेला साप दाखवता आलेला नाही. ‘आमच्या वंशात हे नाही’ असा दावा अनेकांनी केला, निवडीनं दोष काढून टाकू असंही पुष्कळ जण म्हणाले. वर्षांमागून वर्षं गेली, रंग आणि डुलणं वेगळं झालं नाही. दोन प्रती असलेला स्पायडर कुणाच्या हाती जिवंत लागलेला नाही. तो अंड्यातच मरत असावा असं मानतात.

२०२२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पायडर सापांच्या आतल्या कानाचं सूक्ष्म स्कॅनिंग केलं गेलं. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्याजवळची पिशवी वेडीवाकडी वाढलेली आढळली. रंगाचा कानाशी काय संबंध, असं वाटेल. गर्भात रंगपेशी ज्या पेशीसमूहातून निघतात, त्याच समूहातून शरीरातले दुसरे अनेक भागही घडतात. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत आणि डाल्मेशियन कुत्र्यांत बहिरेपणा जास्त असतो, तोही रंगपेशी आणि आतला कान यांच्या अशाच नात्यामुळं. जनुकाच्या कामाच्या यादीत ‘रंग’ ही एकच ओळ नसते.

म्हणून स्पायडरच्या बाबतीत प्रश्न ‘दोष कसा काढायचा’ हा नाही. ‘हा साप जन्माला घालायचा का’ हा आहे. माझं उत्तर नाही असं आहे. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीनं आपल्या मेळ्यांत स्पायडरच्या विक्रीला बंदी घातली. जर्मनीच्या प्राणीकल्याण कायद्यात तर ज्या पैदाशीतून प्राण्याला यातना होतील ती करूच नये असं कलमच आहे. डोलणारा साप विकणारे ‘तो खातो, अंडी देतो, मग त्याला त्रास काय?’ असं विचारतात. खाणं आणि अंडी देणं एवढ्यावर सुख मोजायचं, तर पिंजऱ्यातली अंड्यांची कोंबडीही मजेतच आहे म्हणायची.

स्पायडर प्रसिद्ध झाला, पण एकटा नाही. ‘कॅरॅमल अल्बिनो’त पाठीचा कणा वाकडा होणं वारंवार आढळतं. ‘डेझर्ट’ नर ठीक असतात, पण डेझर्ट माद्यांना धड अंडी होत नाहीत. हा मॉर्फ फक्त नरांकरवी पुढं नेता येतो आणि त्याच्या प्रत्येक पिढीत अशा माद्या जन्मतातच. डेझर्टचं उद्दिष्ट ठेवणाऱ्यानं त्या माद्यांचाही विचार त्याच दिवशी केलेला बरा.

घरातल्या घरात

अप्रभावी गुण झटपट मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे बापाची जोडी मुलीशी किंवा भावाची बहिणीशी लावणं. हव्या त्या प्रती घरातच असतात. पण नको त्याही असतात. प्रत्येक प्राणी काही बिघडलेल्या प्रती गुपचूप वागवत असतो आणि नात्यातल्या जोडीत त्या एकमेकींना भेटतात. भावंडांच्या पिल्लांत साधारण पाव हिस्सा जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या, म्हणजे हुबेहूब असतात.

साप हे सहन करतात, असं मेळ्यांत ऐकायला मिळतं. स्वीडनच्या दक्षिण टोकाजवळच्या स्मीगेहूक इथली गोष्ट त्यांनी ऐकावी. तिथं अ‍ॅडर या विषारी सापांची एक लहानशी वसाहत शेतजमिनींनी वेढली गेली, बाहेरून कुणी येईना. पिल्लं व्यंग घेऊन किंवा मेलेलीच जन्मू लागली, संख्या घसरत गेली. १९९२ मध्ये संशोधकांनी दुसरीकडून वीस नर आणून तिथं सोडले आणि काही हंगामांनी ते परत नेले. त्यांची पिल्लं मोठी होताच वसाहत झपाट्यानं वाढली. काही हंगामांसाठी आलेल्या पाहुण्यांनी वंश सावरला.

म्हणून शहाणे पैदासकार दुहेरी हेटांची जोडी भावंडांची लावत नाहीत. सुरुवातीलाच दोन वेगवेगळ्या कुळांतल्या जोड्या घेतात. खर्च दुप्पट होतो, पण अल्बिनो-पायबाल्डच्या आपल्या उदाहरणात तो वाचवावा असं मला तरी वाटत नाही.

उरलेल्या पंधरांचं काय?

सोळांत एक हवं तसं पिल्लू, मग बाकीची पंधरा? उद्दिष्ट ठरवताना बहुतेकांच्या कागदावर हा प्रश्न नसतो. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. पंधरा सापांना पंधरा डबे, आठवड्या-पंधरवड्याला पंधरा उंदीर आणि पंधरा चांगली घरं लागतात. अल्बिनोची किंमत सुरुवातीच्या वर्षांत हजारो डॉलर होती. आता त्या किमतीच्या अगदी छोट्या भागात तो मिळतो, कारण प्रत्येकाच्या पंधरांतही हेट होतेच. आजचा महाग मॉर्फ पाच वर्षांनी त्याच वाटेनं जातो, आणि तुमचा प्रकल्प पुरा व्हायला पाचच वर्षं लागणार असतात.

भारतात हा प्रश्न कायद्यापासूनच सुरू होतो. आपल्याकडचा कुठलाही साप पकडून पाळणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, मग तो पांढरा नाग असो की साधी धामण. परदेशी प्राण्यांबाबत २०२२ ची दुरुस्ती आली. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणं असा प्राणी बाळगणाऱ्यानं सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. पिल्लं झाली, साप मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. कॉर्न स्नेक त्या करारात नाही, पण आयातीचे नियम त्यालाही चुकत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाला सापडले होते. अशा सापाबरोबर ना आई-बापांची नोंद येते ना कुळाची. तो हेट आहे की नाही, कोणाचा भाऊ आहे, त्याच्यात स्पायडरचं जनुक आहे का, यातलं काहीही विकत घेणाऱ्याला विचारता येत नाही.